तुमच्या बँकेत आमची नोट का चालत नाही?

आमच्या वस्तीच्या विहारात पोरांसाठी मार्गदर्शन शिबिर झालं. पाहुणे बाहेरचे होते. माईक हातात आल्याबरोबर म्हणाले, "आता शिक्षणाची बँक निघाली आहे. कुठंही शिका, कधीही शिका, क्रेडिट जमा करा. अडचण आली तर सोडा, जमलं की परत या. गरिबाचं शिक्षण आता वाया जाणार नाही. दारं उघडी आहेत, तुम्हीच येत नाही!"

पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. रात्रपाळी करून आलो होतो, हात सुजले होते, हे एक कारण. दुसरं कारण हा लेख आहे.

साथींनो, मी त्या दारापर्यंत जाऊन आलो आहे. एकदा नाही, तीनदा. दार उघडं होतं, पाहुणे खोटं बोलले नाहीत. पण दाराच्या आत खिडकी होती. आणि खिडकीच्या पलीकडे तोच माणूस बसला होता, जो माझ्या आज्यालाही "उद्या ये" म्हणाला होता.

आधी माझी हकिकत सांगतो. रडायसाठी नाही, हिशोबासाठी.

मी कागदगिरणीत ठेकेदाराच्या हाताखाली काम करतो. फिनिशिंगला. कापलेला कागद मोजायचा, ५०० तावांचं एक रीम बांधायचं, रचायचं. गडचिरोलीच्या जंगलातला बांबू माझ्या बापाच्या पिढीनं फोडला, त्याचा लगदा झाला, लगद्याचा कागद झाला. त्या कागदावर कोणाच्या तरी डिग्र्या छापल्या जातात. माझी अजून छापली नाही.

२०१७ला मी बारावी झालो, कॉमर्स घेऊन. बी.कॉम.ला तीन वर्षं लागतात आणि घरात तीन महिन्यांचं धान्य नव्हतं. तेव्हा कोणीतरी सांगितलं, कम्युनिटी कॉलेजचा एक वर्षाचा डिप्लोमा कर, लवकर पोटाला लागशील, आणि पुढं डिग्रीत ते धरतात. ही योजना विद्यापीठ अनुदान आयोगाचीच, २०१३-१४ पासूनची. कोणा गल्लीतल्या क्लासवाल्याची नाही. योजनेच्या कागदावर लिहिलं होतं की इथून उच्च शिक्षणाकडे वाट जाते. सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटला ३० क्रेडिट, वर्षाच्या डिप्लोमाला ६०, दोन वर्षांच्या ॲडव्हान्स डिप्लोमाला १२०. मी ६० मिळवले. त्यातले २४ सामान्य शिक्षणाचे, ३६ कौशल्याचे. अकाउंटन्सी शिकलो, कॉम्प्युटरवर खातेवही लिहायला शिकलो, इंग्रजीत धंद्याचं पत्र लिहायला शिकलो.

२०१९च्या पावसाळ्यात बाबांना लकवा मारला. मग गिरणी. मग २०२०चा लॉकडाऊन. मग बहिणीचं लग्न. पाच वर्षं कशी गेली ते रीमच्या थप्प्यांना विचारा.

२०२४ला नवं शैक्षणिक धोरण सगळ्या संलग्न कॉलेजांत आलं. पेपरात छापून आलं, क्रेडिट, क्रेडिट, क्रेडिट. मी पेटीतून डिप्लोमाची गुणपत्रिका काढली आणि एका कॉमर्स कॉलेजात गेलो. कॉलेजचं नाव लिहीत नाही. नाव बदललं तरी खिडकी तीच असते.

पहिल्या वेळी बाबू म्हणाला, "तुझं खातं काढ." मोबाईलवर क्रेडिट बँकेचं खातं काढलं. शिल्लक शून्य. म्हणाला, "दिसते का काही? नाही दिसत. मग काहून आला?" नंतर मी नियम वाचला. क्रेडिट बँकेचा नियम जुलै २०२१चा. त्यात लिहिलंय की २०२१-२२ या वर्षापासून पुढं मिळवलेले क्रेडिटच चालतील, तेही नोंदणी झालेल्या संस्थेतले. माझे २०१८-१९चे. म्हणजे नोटबंदी! ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री पाचशेच्या नोटेचा कागद झाला होता, तसा माझ्या एका वर्षाचा कागद झाला. पण पाचशेची नोट बँकेत भरायला निदान पन्नास दिवस दिले होते. मला पन्नास मिनिटंही दिली नाहीत.

दुसऱ्या वेळी म्हटलं, साहेब, बँकेतून नको, गुणपत्रिका पाहून विषय जुळवा. पूर्ण साठ नका धरू. जे विषय तुमच्या बी.कॉम.मध्ये आहेत तेवढेच धरा. ते म्हणाले, "ते स्किलचं आहे. आमचं अकॅडमिक आहे."

तिसऱ्या वेळी म्हणाले, "पाच वर्षांचा गॅप आहे. गॅपचं प्रतिज्ञापत्र आण. आणि सरळ पहिल्या वर्षाला बस. नाहीतर मुक्तला जा."

म्हटलं, नाही म्हणता ते लेखी द्या.

"लेखी आम्ही काही देत नसतो गा."

झालं. हकिकत संपली. आता भांडण सुरू करू.

*

पहिलं भांडण त्या "गॅप" शब्दाशी.

गॅप म्हणजे काय? वरच्या घरातला पोरगा एक वर्ष कॉलेज सोडून हिमालयात फिरून आला तर तो अनुभव. आमचा पोरगा पाच वर्षं आठ तास उभं राहून घर चालवून आला तर तो गॅप. भोक. त्या भोकासाठी शपथेवर लिहून द्यायचं की मी या काळात कुठं होतो. चोराला विचारतात तसं.

डिसेंबर २०२२च्या आराखड्यात अनुदान आयोगानं लिहिलं, पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडलेल्यानं ३ वर्षांच्या आत परत यावं, आणि डिग्री जास्तीत जास्त ७ वर्षांत संपवावी. ऐकायला बरं वाटतं. आता हाच नियम घेऊन मागं चला.

भीमराव रामजी आंबेडकर नावाचा एक विद्यार्थी १९१६ला न्यूयॉर्कहून लंडनला आला. कोलंबियाची एम.ए. १९१५लाच झाली होती. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातलं, ग्रेज इनमध्ये नाव घातलं. वर्ष झालं नाही तोच बडोद्याच्या स्कॉलरशिपची मुदत संपली. १९१७च्या उन्हाळ्यात अभ्यास अर्धा टाकून मुंबईची बोट धरावी लागली. बडोद्याला नोकरीला गेले तर राहायला खोली मिळाली नाही, पारशी मंडळी काठ्या घेऊन आली. मुंबईत येऊन शेअर-रोख्यांचा सल्ला द्यायचं ऑफिस टाकलं. गिऱ्हाईकं आली, जात कळली, गिऱ्हाईकं गेली. जगातल्या मोठ्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला माणूस, आणि धंदा जातीनं बुडाला. १९१८ला सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर झाले. कॉमर्सचं कॉलेज बरं का! तिथंही काही सहकाऱ्यांना त्यांनी प्रोफेसरांच्या माठातलं पाणी पिऊ नये असं वाटत होतं. पगारातून पै पै साठवली, नवल भथेना या मित्राकडून पाच हजार उसने घेतले, शाहू महाराजांनी हात दिला, आणि १९२०च्या सप्टेंबरात पुन्हा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या पायरीवर. १९२१ला एम.एस्सी. १९२३ला डी.एस्सी.

हे आपल्याला पाठ आहे. जयंतीच्या भाषणात आपण हे जिद्दीचं उदाहरण म्हणून सांगतो. पण जिद्दीच्या मागं एक कागद होता, तो आपण सांगत नाही. लंडन विद्यापीठानं त्यांना परवानगी दिली होती की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत या, तुमचा अभ्यास जिथं थांबला तिथून सुरू करा.

चार वर्षं! गोऱ्या साहेबाच्या विद्यापीठानं, गुलाम देशातल्या अस्पृश्याला, शंभर वर्षांमागं. १९१७चा उन्हाळा ते १९२०चा सप्टेंबर मोजा. तीन वर्षांच्या वर जातात. आपल्या आराखड्यातल्या तीन वर्षांच्या पट्टीनं मोजलं असतं तर बाबासाहेबांना खिडकीतून सांगितलं असतं, "गॅप झाला. पहिल्या वर्षाला बस."

बाबासाहेब शिकले ते हुशार होते म्हणून, हे अर्धं खरं. त्यांचं अर्धवट राहिलेलं शिक्षण कोणीतरी जपून ठेवलं, हे दुसरं अर्धं. या देशात हुशार पोरं कमी नव्हती आणि नाहीत. अर्धवट शिक्षण जपून ठेवणारा कागद कमी आहे. आणि शिक्षण अर्धवट कोणाचं राहते? वाड्यातल्याचं नाही. कूलरखाली बसणाऱ्याचं नाही. शिक्षण अर्धवट राहते ते रोजीवाल्याचं, पोटुश्या बाईचं, लकवा मारलेल्या बापाच्या पोराचं. मग मुदत लावून तुम्ही कोणाला गाळता ते सांगायला ज्योतिषी नको.

जात आता फक्त नावात राहत नाही. ती मुदतीत राहते.

*

दुसरं भांडण "स्किल" आणि "अकॅडमिक"शी.

मी डिप्लोमात जमा-खर्च शिकलो. बी.कॉम.चा पोरगाही जमा-खर्च शिकते. डेबिट दोघांचं डावीकडे, क्रेडिट दोघांचं उजवीकडे. मग त्याचं अकॅडमिक आणि माझं स्किल कसं झालं? अकाउंट तेच, पुस्तक जवळजवळ तेच. फरक एवढाच की तो शिकला तो साहेब होण्यासाठी, आणि मला शिकवलं ते कामाला लावण्यासाठी.

हाताचं ज्ञान खालचं, डोक्याचं ज्ञान वरचं. ही वाटणी कोणाची, साथींनो? हे कोणत्या ग्रंथात आहे ते तुम्हाला सांगायला नको. तो ग्रंथ आपण २५ डिसेंबर १९२७ला महाडला जाळला. पण राख खिडकीच्या आत जाऊन बसली.

१८८२ला जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढं सांगितलं की सरकारचा बराचसा पैसा येतो राबणाऱ्या रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर. वरून शिकवा, झिरपत झिरपत खाली येईल, हे धोरण त्यांनी उभं फाडलं. आज काय आहे? झिरपायचंही बंद. वरच्यांना डिग्री, खालच्यांना डिप्लोमा, आणि मध्ये भिंत. १९५३ला मद्रासमध्ये राजगोपालाचारींनी काढलं होतं की पोरांनी अर्धा वेळ शाळेत बसावं आणि अर्धा वेळ बापाचा धंदा शिकावा. लोक रस्त्यावर उतरले, १९५४ला ते मागं घ्यावं लागलं. कारण लोकांना कळलं, बापाचा धंदा म्हणजे बापाची जात. आता बापाचा धंदा असं कोणी म्हणत नाही. "कौशल्य" म्हणतात. शब्द धुतला, कपडा तोच.

मी कौशल्याच्या विरुद्ध नाही. कोणी माझ्या तोंडात ते घालू नये. मला माझ्या हाताची लाज नाही. माझं म्हणणं एवढंच, हातानं शिकलेलं वर चढू द्या. जिन्याला पहिल्या मजल्यापर्यंतच पायऱ्या ठेवायच्या आणि मग म्हणायचं जिना सर्वांसाठी खुला आहे, ही थट्टा बंद करा.

गंमत पाहा. माझ्या ठेकेदाराला माझं क्रेडिट चालते! त्याला कळलं पोट्टा अकाउंट शिकलाय. आता मस्टर मी लिहितो, भविष्यनिधीचा तक्ता मी भरतो, बिलाची बेरीज मी तपासतो. पाळी संपल्यावर. पगार हेल्परचा. म्हणजे लुटायच्या वेळी माझं शिक्षण खरं, मोजायच्या वेळी खोटं.

आणखी एक बेरीज सांगतो. एप्रिल २०२३ला राष्ट्रीय क्रेडिट आराखडा निघाला. त्यात वर्षाचे १२०० तास म्हणजे ४० क्रेडिट धरले. ३० तासांना एक. कामाच्या अनुभवालाही क्रेडिट देता येईल असं त्यातच लिहिलंय. आता गिरणीत मी दिवसाला ८ तास आणि वर्षाला ३०० दिवस उभा राहतो. २४०० तास. भागिले ३०. ऐंशी. सगळं काम म्हणजे शिक्षण असं मी म्हणत नाही. रीम बांधून बी.कॉम. द्या असंही म्हणत नाही. पण मस्टर लिहिलं, बिल तपासलं, ते तर अकाउंटच आहे ना बाप्पा? त्यातले दोन क्रेडिट तरी? कोणी परीक्षा घ्यावी, तोंडी घ्यावी, लेखी घ्यावी, मी बसतो. परीक्षा घ्यायलाच कोणी तयार नाही.

*

आपल्यातलेच काही साथी म्हणतात, "बी.कॉम. कशाला? ते बनियाचं शास्त्र. कवी माणूस, साहित्य वाच, समाजशास्त्र वाच."

थांबा. आपल्या गावांत सत्ता कोणाकडे होती? मालगुजाराकडे. मालगुजाराची सत्ता कशात होती? काठीत थोडी, वहीत जास्त. कोतवाल आमचा, पायपीट आमची, सीमेची साक्ष आमची. दप्तर पटवाऱ्याचं. आज्यानं घेतलेले दोन कुडव धान वहीत दोन खंडी झाले तरी आज्याला वाचता येत नव्हतं. मालगुजारी १९५१ला गेली. वही गेली नाही, ती ठेकेदाराकडे गेली.

आता जंगलात चला. चंद्रपूर सोडलं की मूल, मग वैनगंगा, मग गडचिरोली, मग धानोऱ्याच्या वाटेवर मेंढा (लेखा). २००६ला वनहक्क कायदा झाला, २००९ला या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ला गावानं आपला बांबू आपण विकला. जो बांबू गिरणीला मातीमोल जायचा त्याचा मालक गाव झालं. त्यानंतर जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा बांबूचा आणि तेंदूचा लिलाव स्वतः करायला लागल्या.

तेंदूचा हिशोब तुम्ही पाहिला काय? ७० पानांचा एक पुडा. हजार पुड्यांची एक गोणी. फळीवर रोज पुडे मोजायचे, कुटुंबवार नोंद करायची, मजुरी वेगळी, रॉयल्टी वेगळी, ठेकेदाराचा हप्ता वेगळा. मग बँक, मग कर, मग ऑडिट. हे कोण लिहिणार? एटापल्लीकडची एक माडिया मुलगी मला भेटली. सर्टिफिकेट कोर्स केलेली. तिच्या ग्रामसभेची वही ती लिहिते. ठेकेदाराच्या मुनिमाची चूक तिनं पकडली, लोकांचे पैसे वाचले. मुनीम म्हणाला, "तुझी डिग्री काय?" ती गप्प बसली.

चूक पकडली तिनं. पण ज्याच्याकडे डिग्री त्याचं खरं.

म्हणून बी.कॉम. पाहिजे. बनिया व्हायला नाही. वही आपल्या हातात यायला. बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला तो १९२३ला, तेव्हा त्यांना कोणी म्हणालं नाही की हे बनियाचं शास्त्र आहे. त्यांच्या सोसायटीनं १९४६ला सिद्धार्थ कॉलेज काढलं ते सकाळचं, कामाला जाणाऱ्या पोरांना शिकता यावं म्हणून. १९५३ला त्याच सोसायटीनं कॉमर्सचं वेगळं कॉलेज काढलं. आपल्या बापाला कॉमर्स कळत होतं. आपल्यालाच लाज वाटते.

आणि त्या मुलीचं पुढं काय? नव्या आराखड्यात पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडायचं असेल तर उन्हाळ्याच्या सुट्टीत ४ क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स करावा लागतो. उन्हाळ्याची सुट्टी! मुंबई-पुण्यात बसून ज्यानं हे लिहिलं त्याला मे महिना म्हणजे आंबा आठवला असेल. इथं मे महिना म्हणजे तेंदू. पहाटे तीनला उठून जंगलात, दुपारी पुडे बांधणं, संध्याकाळी फळी. त्याच्या आधी मोह. वर्षाचा रोख पैसा याच दिवसांत घरात येतो. त्याच दिवसांत तुमची उन्हाळी परीक्षा, त्याच दिवसांत तुमचा चार क्रेडिटचा कोर्स. बाहेर पडायलाही फी आहे, साथींनो, आणि ती फी तेंदूच्या हंगामात भरायची आहे.

*

कोणी म्हणेल, नियम नवा आहे, रुळेल. जगात असंच असते.

जगात काय आहे ते पाहू. ही कम्युनिटी कॉलेजची कल्पना अमेरिकेतली. १९०१ला जोलिएट गावात पहिलं सरकारी ज्युनिअर कॉलेज निघालं. दोन वर्षं गावातल्या कॉलेजात स्वस्तात शिका, मग विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जा. १९६०ला कॅलिफोर्निया राज्यानं आख्खा आराखडाच तसा केला. तिथले काळे, मेक्सिकन, मजुरांची पोरं याच दारानं बिझनेसच्या डिग्रीपर्यंत जातात. पण तिथंही दार आणि खिडकी वेगवेगळे आहेत. २०१७ला त्यांच्या सरकारच्याच हिशोब तपासणाऱ्या कचेरीनं सांगितलं की कॉलेज बदलणाऱ्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के क्रेडिट वाटेत हरवतात. शंभर वर्षांहून जास्त रुळलं, तरी शंभरातले त्रेचाळीस गळतात. आपोआप काही रुळत नाही. जिथं लोक भांडले तिथं फरक पडला. कॅलिफोर्नियात २०१०ला कायदा करावा लागला की या या विषयांची दोन वर्षांची डिग्री राज्य विद्यापीठानं धरलीच पाहिजे, पुन्हा तेच शिकायला लावायचं नाही. कायदा. मेहेरबानी नाही.

आपल्याकडे क्रेडिट "धरता येतील" असं लिहिलं आहे. "धरलेच पाहिजेत" असं कुठं आहे? या दोन क्रियापदांमध्ये माझं एक वर्ष पडलं आहे.

"मुक्तला जा" म्हणणाऱ्यांना एक शब्द. मुक्त विद्यापीठ १९८९ला नाशिकला निघालं आणि लाखो कामकऱ्यांना डिग्री दिली. मी त्याला वाईट म्हणणार नाही. उद्या मीही तिथंच जाईन. त्याची डिग्री कायद्यानं बरोबरीची आहे. पण बाबू ज्या आवाजात "मुक्तला जा" म्हणते, तो आवाज मला ओळखीचा आहे. पाणी पाहिजे तर तुमच्या वेगळ्या विहिरीवर जा, असा तो आवाज आहे. विहिरीत दोष नाही. आवाजात आहे.

*

आता आपल्या स्वतःकडे. यातून आपण सुटलो असं समजू नका.

१६ ऑक्टोबर १९५६ला बाबासाहेबांनी चंद्रपुरात दीक्षा दिली. दरवर्षी आपण निळे झेंडे घेऊन जातो, पुस्तकं घेतो, फोटो घेतो. गडचिरोली-चंद्रपूरसाठी वेगळं विद्यापीठ पाहिजे म्हणून लोक भांडले, २०११ला गोंडवाना विद्यापीठ झालं. सिरोंच्याच्या पोराला कागदासाठी नागपूरला साडेतीनशे किलोमीटर जावं लागायचं, ते वाचलं. ही जीत होती. पण जीत मिळाल्यावर आपण घरी गेलो. अभ्यास मंडळात कोण बसते, विद्यापरिषदेत कोणता ठराव होते, कोणाचा डिप्लोमा कशाच्या बरोबरीचा धरला, हे आपण कधी विचारलं? पुतळ्याला हात लागला तर आपण हजार जण जमतो. नियमाच्या एका ओळीनं हजार पोरं गळतात तेव्हा एकही जण जमत नाही. कारण ती ओळ आपण वाचलेलीच नसते.

आणि हा फास पाहा. अधिसभेत पदवीधरांचे १० प्रतिनिधी निवडून जातात. मत कोणाला? नोंदणी केलेल्या पदवीधराला. मला डिग्री नाही म्हणून मत नाही. मत नाही म्हणून नियम बदलत नाही. नियम बदलत नाही म्हणून डिग्री नाही. गोल. ज्यांच्याजवळ डिग्री आहे त्या आपल्या भावांनी हा गोल बाहेरून तोडायचा आहे. डिग्री मिळाली की वस्ती सोडणाऱ्या भावांनो, निदान मत द्यायला तरी या. नोंदणी तरी करा.

वनहक्कासाठी आपल्यासारख्या बिगर-आदिवासीकडून तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा मागतात. शिक्षणासाठी पाच वर्षांपूर्वीचा पुरावा घेऊन गेलो तर जुना झाला म्हणतात. जमीन मागितली की कागद पुरेसा जुना नाही, डिग्री मागितली की कागद फार जुना. आमच्या कागदाचं वय कधीच बरोबर नसते.

म्हणून मागण्या. मोर्च्यात ओरडायच्या नाहीत, अर्जात लिहायच्या.

१. २०२१च्या आधीचे कम्युनिटी कॉलेजचे क्रेडिट धरा. सरकारच्याच योजनेत मिळवले आहेत. योजना तुमची, नोटही तुमची.

२. कोणत्या डिप्लोमातला कोणता विषय बी.कॉम.च्या कोणत्या विषयाच्या बरोबरीचा, याची यादी छापा आणि प्रत्येक कॉलेजच्या भिंतीवर लावा. बाबूच्या मर्जीवर ठेवू नका.

३. नाही म्हणायचं असेल तर कारणासह लेखी म्हणा, तारीख आणि सहीसह.

४. परत येण्याची मुदत रद्द करा. आजारपण, बाळंतपण, मजुरी यांना गॅप म्हणणं बंद करा.

५. आमच्या जिल्ह्यांत परीक्षा आणि उन्हाळी कोर्स मोह-तेंदूचा हंगाम सोडून ठेवा.

६. कामावर केलेल्या हिशोबाची परीक्षा घ्या आणि पास झाला तर क्रेडिट द्या.

आणि तुम्ही, जो हे पान वाचतो आहेस तू, उद्या सकाळी काय करशील? तुझ्या वस्तीत अर्धवट शिकलेले किती, त्यांची वही कर. प्रत्येकाची गुणपत्रिका, जुना अभ्यासक्रम, तासांचा दाखला एका पिशवीत ठेव. अभ्यासक्रमाशिवाय विषय जुळत नाही, आणि कॉलेजं जुना अभ्यासक्रम रद्दीत घालतात. ज्याचं क्रेडिटचं खातं नाही त्याचं काढून दे, २०२१ नंतरचं काही असेल तर ते जमा झालं का ते बघ. अर्ज दे. पोच घे. उत्तर नाही आलं तर माहितीचा अधिकार, २००५चा कायदा. एका माणसाला खिडकीतून हाकलता येते. चाळीस अर्जांना आवक-जावक नंबर द्यावा लागतो.

माझा अर्ज मी दिला आहे. चौथ्या वेळी गेलो तेव्हा बाबू म्हणाला, "तू पुन्हा आला?"

म्हटलं, हो. अर्ज आहे. शिक्का मारा.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. कागद गिरणीतलाच होता, मी ओळखला. शिक्का मारला.

बाबासाहेबांना परत यायला तीन वर्षं लागली. मला पाच झाली, दहा होतील. पण माझं वर्ष मी सोडणार नाही. ते माझं आहे, मी घामानं जमा केलं आहे. बँक तुमची असेल. हिशोब आता आम्हालाही येतो.

जय भीम.